कान्छाला आणायचं होतं

रातामाट्याच्या खालच्या वस्तीत कुणाच्या घरी काही बिनसलं की नंदकलीला बोलावणं जायचं. भांडण मिटवायला नव्हे, झाकायला. कुणाची सून माहेरी निघून गेली की ‘आजीला बरं नाही म्हणून गेलीय’ हे कारण नंदकलीच्या तोंडून बाहेर पडायचं आणि संध्याकाळपर्यंत आख्ख्या डोंगरउतारावर तेच खरं होऊन बसायचं. झाकून नेण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला स्वतःला त्यात काही वावगं वाटत नसे. घर म्हटलं की थोडं झाकलेलंच बरं, एवढंच ती जाणत होती.

ती खत्रींच्या घरात सून म्हणून आली तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली होती आणि धाकटा दीर अजून दुधाच्या दातांचा होता. सासू गेली आणि पोर नंदकलीच्या पदराला लागलं. शेतावर जाताना ती त्याला पाठीवरच्या वेताच्या खोल टोपलीत बसवून न्यायची. परत येताना टोपलीत गवत असायचं आणि पोर गवतावर. त्याचं नाव तिलविक्रम, पण सगळ्यांत धाकटा म्हणून सगळे कान्छा म्हणत. नवरा चंद्रवीर लुधियानात चौकीदार, दसैंला म्हणजे दसऱ्याला येणार आणि तिहार, म्हणजे दिवाळी, संपला की जाणार. त्यामुळे कान्छाला वाढवलं तिनंच. तिच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या तरी हा घरात होता. दहावीत दोनदा नापास झाला ते तिनं चंद्रवीरला कळू दिलं नाही. पुढं बिमकलाशी त्याचं लग्न लावलं, वर्षभरात तो अरबात कामाला गेला. जाताना तिनं त्याच्या कपाळाला दही-अक्षतांचा टिळा लावला. ‘भाउजू, रडू नका, दही ओघळतंय,’ असं म्हणून तो हसला होता; वहिनीला तो भाउजू म्हणायचा.

बातमी आली तेव्हा दोघी जावा अंगणात मक्याची कणसं सोलत बसल्या होत्या. फोन डिल्लीराजचा होता, वरच्या वस्तीतला, कान्छाच्याच कंपनीत काम करणारा.

“भाउजू, शेजारी कोण आहे?”

“बिमकला आहे. का रे?”

“जरा लांब जाऊन बोला.”

नंदकली उठून गोठ्यात गेली. म्हशीनं मान वळवून पाहिलं.

“कान्छा सकाळी उठलाच नाही,” डिल्लीराज म्हणाला. “सगळे उठले, आंघोळी झाल्या, बस आली. मी हाक मारली. भाउजू, मी हलवलं त्याला…”

ती म्हशीच्या पाठीवर हात टेकून उभी राहिली. बाहेरून सालं ओढल्याचा आवाज येत होता, कोरडा, एकसारखा. मग ती बाहेर आली.

“कुणाचा फोन, दिदी?”

“डिल्लीराजचा. त्याच्या आईची म्हैस आटलीय, औषध विचारत होता.”

आणि ती खाली बसून पुढचं कणीस सोलू लागली.

रातामाट्यात अशी बातमी बायकोला मृतदेहाची पेटी दारात आल्यावरच सांगतात. मुद्दाम कुणी ठरवलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. पलीकडच्या घरातल्या सुनेला आधी सांगितलं होतं. तिनं सुतक धरून पेटी येईपर्यंत मिठाला हात लावला नाही, शेवटी तिलाच खाटेवर घालून न्यायची वेळ आली. तेव्हापासून सगळे शहाणे झाले. चंद्रवीरनंही लुधियानाहून हेच बजावलं. “पेटी येईस्तोवर तिला खाऊ दे, झोपू दे. मी सुट्टी टाकतो. कागदाचं काका बघतील.”

काका म्हणजे हेमकर्ण, चंद्रवीरचे चुलते. एके काळी वॉर्डाचे अध्यक्ष होते. काठमांडूत कुठल्या दारातून आत शिरायचं आणि कुणाला ‘हजूर’ म्हणायचं हे त्यांना माहीत होतं. ते नंदकलीला म्हणाले, “तू सून सांभाळ. मुडदा आणायचं माझ्याकडे.”

सून सांभाळणं काय असतं ते नंदकलीला दुसऱ्या दिवसापासून कळलं. आधी तिनं घरोघरी जाऊन सगळ्यांना गप्प राहायला बजावलं, मग बिमकलाचा मोबाइल भांडी घासता घासता पाण्याच्या बादलीत पाडला, कारण मोबाइलवर कान्छाच्या फोटोला हार घातलेला दिसायला वेळ लागणार नव्हता. ‘दुरुस्तीला टाकलाय’ म्हणून तो ट्रंकेत कपड्यांखाली ठेवला. कान्छाचा फोन का येत नाही? त्याला वाळवंटात आत पाठवलंय, तिथं टॉवर नाही. डिल्लीराजला विचार ना, तो तर बोलतो! डिल्लीराज दुसऱ्या छावणीत आहे. एका खोट्याला आधार द्यायला दुसरं लागायचं आणि दुसऱ्याला तिसरं. पहाटे बिमकला आरशासमोर बसून भांगात सिंदूर भरायची तेव्हा नंदकलीला चुलीकडे तोंड करून बसावं लागायचं.

पाणवठ्यावर, धाऱ्यावरही तेच. बिमकला गागर घेऊन गेली की तोटीपाशी बसलेल्या बायका एकदम कपडे जोरजोरात आपटू लागायच्या.

“मी गेले की सगळ्या गप्प का होतात?” एकदा ती गागर आदळून म्हणाली. “मी काय कुणाचं चोरलंय?”

सुचलं ते नंदकलीच्या तोंडातून निघून गेलं. “अगं, लग्नाला इतकी वर्षं झाली, पोर नाही. त्यावरून कुजबुजतात. तू नको मनाला लावून घेऊ.”

त्या दिवशी बिमकला अर्ध्या भाकरीवर उठली. नंदकलीला वाटलं, असू दे. हे दुखणं तरी बरं होण्यातलं आहे.

काकांकडून रोज एकच उत्तर. तिथल्या पोलिसांचा कागद व्हायचाय. मग इस्पितळाचा. मग दूतावासाचा. “म्हशीचं रेडकू आणायचंय का? परदेशातून माणूस आणायचाय.” कान्छा कुठल्या तरी थंड खणात पडून आहे हे तिला डिल्लीराजनं सांगितलं होतं. उन्हाच्या देशात थंड खण. तिला त्याच्यावर काहीतरी पांघरावंसं वाटायचं.

तेवढ्यात तीज आली.

तीजेला नवऱ्याच्या आयुष्यासाठी कडक उपास, आणि आदल्या दिवशी पोटभर दर, म्हणजे तळलेली सेल, खीर, तूप, मटण, जे असेल ते. बिमकलानं सकाळीच तांदळाचं पीठ भिजवलं. कान्छानं लग्नाच्या वर्षी घेतलेली लाल साडी उन्हात टाकली. वस्तीतल्या पोरी गाण्याला बोलवायला आल्या, साडी बघून दारातूनच परत फिरल्या. नंदकली तूप आणायच्या निमित्तानं खाली बाजारात उतरली. खरं तर तिला घरात श्वास घेता येत नव्हता.

चहाच्या टपरीवर हेमकर्णकाका बसले होते. आज प्रसन्न दिसत होते.

“ये सुने, चहा घे. काम झालं आपलं.”

“कान्छा येतोय?”

“येण्याचं नको धरून बसू. तिथली कंपनी म्हणते, आणायचं तर महिने जातील, तिहार उलटेल. घरच्यांनी हो म्हटलं तर तिथंच पुरतील, लगेच. मी विचार केला. गुरुबांना, आपल्या भटजींना विचारलं. कुशाचा पुतळा करायचा, तोच त्याचा देह. नदीवर जाळायचा, तेरा दिवस पाळायचे, पोर मोकळं होईल. हा शास्त्राचाच मार्ग आहे.”

“पण हो कुणी म्हटलं?”

“बायकोचं लागतं. परवा घरी आलो होतो ना, तू गवताला गेली होतीस. बिमकलाचा अंगठा घेतला. कान्छाच्या कामाचा कागद आहे म्हटलं. खोटं नाही बोललो मी.”

“काका!”

“ओरडू नकोस, लोक बघतायत. सांगायचं नाही हे तूच सगळ्यांना बजावलं होतंस. मी तुझाच शब्द पाळला.”

काकांचं तोंड कपटी माणसाचं नव्हतं. दमलेल्या म्हाताऱ्याचं होतं, ओझं उतरवून बसलेल्या. आणि ते म्हणाले ते खरंच होतं. तिनंच सगळ्यांची तोंडं शिवली होती. ज्या बाईला नवरा मेल्याचं ठाऊक नव्हतं, तिनं त्याला परक्या मातीत घालायला अंगठा दिला होता.

“तो फोन द्या. काठमांडूच्या ऑफिसचा नंबर लावा.”

“आता काय फायदा? उद्या-परवात पुरतील.”

“लावा म्हणते ना!”

परदेशी गेलेल्या कामगारांचं बघणाऱ्या त्या काठमांडूच्या ऑफिसातल्या बाई घाईत होत्या. मागे दुसऱ्या बायकांचं हसणं ऐकू येत होतं. तिथंही दराची गडबड. “तिलविक्रम खत्री, प्यूठान. हो, पत्नीची मंजुरी आलीय. पुढे पाठवली.”

“ती थांबवा. आम्हाला तो इथं हवाय.”

“तुम्ही कोण?”

“मी त्याची भाउजू. मी वाढवलंय त्याला.”

“दिदी, समजते मला. पण वाढवलेल्या माणसाचा कागदात रकाना नाही. मंजुरी बायकोची आहे, तीच थांबवू शकते. तिला बोलवा. मी थोडा वेळ आहे, मग घरी जायचंय, उद्या सगळं बंद.”

वर घरापर्यंतची चढण नंदकलीनं हजारदा चढली होती, पाठीवर लाकडं घेऊन, पाणी घेऊन, कान्छाला घेऊन. आज रिकाम्या हातानं तिचा ऊर फुटायला आला. वाटेत शब्द जुळवायचा तिनं प्रयत्न केला. आयुष्यभर झाकायचे शब्द तिला आपसूक सुचत आले होते. उघडं कसं करतात ते तिला येत नव्हतं.

बिमकला चुलीपाशी सेल तळत होती. तळहातातून पीठ गोल सोडायचं, काडीनं उलटायचं. गालाला पीठ लागलं होतं.

“तूप कुठंय?”

“बिमकला, कढई उतर.”

“का?”

“उतर म्हणते ना.”

तिनं उतरवली नाही. वर बघितलं फक्त. नंदकलीनं स्वतः कढई खाली घेतली, तेल हिंदकळून हातावर उडालं, ते तिला नंतर कळलं. मग चुलीच्या उजेडात उकिडवं बसून तिनं सांगितलं. सुरुवातीपासून नाही सांगता आलं, शेवटापासून सांगितलं. अंगठा, मग काका, मग पुरणं, आणि सगळ्यात शेवटी, कान्छा नाही.

बिमकला ओरडली नाही. हातातली काडी तिनं कढईवर आडवी ठेवली.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“मका सोलत होतो त्या दिवसापासून.”

“म्हैस आटलीय म्हणालीस.”

“हो.”

“आणि धाऱ्यावरच्या बायका? पोर नाही म्हणून बोलतात म्हणालीस. मी रोज रात्री त्यावर रडले, दिदी. त्याच्यासाठी रडायचं सोडून.”

नंदकलीनं नंबर लावून फोन पुढे केला. “मला काय वाटेल ते बोल. उद्या बोल. आत्ता फोनवर बोल. ऑफिस बंद होईल.”

बिमकलानं पिठाचा हात साडीला पुसला आणि फोन घेतला. पलीकडच्या बाईंनी नाव विचारलं, नातं विचारलं. तिनं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, नुसतं तोंडी नाही चालणार, व्हिडिओ काढून पाठवा, नागरिकतेचा दाखला हातात धरून, स्पष्ट बोलून.

अंगणात उजेड होता. बिमकला लाल साडी वाळत घातलेल्या दोरीसमोर उभी राहिली. नंदकलीनं मोबाइल धरला. बिमकलाचं अर्धं तोंड चौकटीबाहेर राहत होतं.

“नीट धर,” बिमकला म्हणाली. आणि मग मोबाइलकडे बघून, “मी बिमकला खत्री. तिलविक्रम खत्रीची बायको. परवा मी अंगठा दिला तेव्हा माझा नवरा गेलाय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. त्याला तिथं पुरू नका. कितीही दिवस लागू देत, मला तो घरी हवाय.” ती थांबली. “झालं. बंद कर.”

व्हिडिओ जाताना मोबाइलवर ते गोल चक्र फिरत राहिलं. गेला एकदाचा. पण कुणी बघितला की नाही ते कळेना. ऑफिसचा फोन वाजत राहिला आणि मग वाजायचाही थांबला. डिल्लीराज कामावर होता.

तीजेच्या दिवशी सकाळी खालच्या देवळातून मादलाचा, ढोलकीचा आवाज येत होता. नंदकलीनं सवयीनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. बिमकला आंघोळ करून बाहेर आली, ताटात भात आणि कालची भाजी वाढून घेतली आणि अंगणाच्या मधोमध, सगळ्या वाटा जिथून दिसतात तिथं, मांडी घालून बसली. देवळाकडे निघालेल्या बायका कुंपणापाशी थबकल्या. तिनं पहिला घास घेतला.

“काय बघताय?” ती म्हणाली. “तुम्हाला तर माझ्या आधीपासून ठाऊक आहे.”

एकीनं पदर तोंडाला लावला. नंदकलीला वाटलं होतं तशी ती कोसळली नाही, मिठाला शिवायची राहिली नाही. सगळा भात संपवला, ताट घासून पालथं घातलं.

गुरुबा दुपारी आले. सिंदूर पुसायचा, बांगड्या उतरवायच्या त्या नदीवर, देहासमोर. सुतकही अग्नी दिल्यापासून धरायचं, असं त्यांनी सांगितलं. देह येतोय की नाही तेच माहीत नव्हतं. काका कोपऱ्यात बसून राहिले. “कुश कापून ठेवलाय मी,” एवढंच एकदा पुटपुटले. बिमकला म्हणाली, “मग म्हशीला घाला.”

डिल्लीराजचा फोन सूर्य डोंगराआड गेल्यावर आला. नंदकलीनं तो कानाला न लावता बिमकलाच्या हातात दिला. बिमकलानं आवाज मोठा केला.

“वहिनी?” डिल्लीराज गडबडला. “तुम्हाला…?”

“कळलंय. सांग.”

“त्याला गाडीत घातलं होतं. दुपारी. मी पण गाडीत होतो, दोन मूठ माती टाकायला. अर्ध्या रस्त्यात कंपनीच्या माणसाला फोन आला, गाडी वळवली. परत खणात ठेवलाय. पण वहिनी, आता सगळं पहिल्यापासून. कधी सोडतील, सोडतील की नाही, काही भरवसा नाही.”

नंदकली तिथंच जोत्यावर बसली. अर्ध्या रस्त्यातून. अंगठ्याचं तिला काल कळलं; आज कळलं असतं तर?

मग नुसती वाट बघणं. दसैं आला, खत्रींच्या घरात टिळा लागला नाही. चंद्रवीर सुट्टी घेऊन आला, बसून बसून कंटाळला, परत जाईन म्हणू लागला. वस्तीतली काही माणसं म्हणू लागली, पुतळा जाळला असता तर एव्हाना सगळं उरकलं असतं. बिमकला नंदकलीशी बोलत नव्हती. बोलायचं असलं की म्हशीशी बोलायची. “म्हशी, मी दळायला जातेय, तुला कुणी विचारलं तर सांग.” “म्हशी, खोटं बोलायला लागली नाहीस ना तू पण?” नंदकली ते ऐकून घ्यायची आणि म्हशीच्या वतीनं काही न म्हणता वैरण टाकायची. पण ऑफिसचा फोन आला की तो ती आधी बिमकलाकडेच न्यायची, धावत, शेतातून असली तरी. वाईट असलं तरी. एकदा ऑफिसातल्या बाई म्हणाल्या की, कागद हरवलाय. तेही तिनं जसंच्या तसं पोहोचवलं.

शेवटी तिहार उलटल्यावर विमानाचा दिवस कळला. काका काठमांडूला निघायची तयारी करू लागले.

“काका, तुम्ही लाकडं बघा,” बिमकला म्हणाली. “मी जाते.”

“बाईमाणूस? तिथं काय करशील?”

“अंगठा माझाच लागतो ना?”

चंद्रवीर नदीवरची तयारी बघायला थांबला. नंदकलीला कुणी ये म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही. ती बसमध्ये बिमकलाच्या मागच्या बाकावर बसली.

विमानतळाच्या मालाच्या फाटकाशी आणखीही घरं उभी होती, तराईची, डोंगरातली. एकेक लांबट पेटी ढकलगाडीवरून बाहेर येत होती आणि प्रत्येक वेळी कुणीतरी पुढे धावत होतं. वर मार्करनं लिहिलेलं नाव वाचून काही परत फिरत होते. इतके महिने नंदकलीला एकच भीती होती, की पेटी यायची आणि आत कुणी दुसराच असायचा. वळवलेली गाडी, परत ठेवलेला खण, हरवलेला कागद. इतक्या हातांतून गेलेलं माणूस.

त्यांची पेटी आली. माणूस म्हणाला, “इथं अंगठा द्या. उघडू नका, घरी जाऊनच उघडा. बरेच दिवस झालेत.”

“उघडा,” बिमकला म्हणाली.

“ताई, ऐका…”

“मी इतके दिवस न बघता राहिले. उघडा.”

त्यानं कुरकुरत वरची फळी सैल केली. तोंडापुरती. बिमकलानं एक पाऊल पुढे टाकलं आणि तिथंच थांबली. तिचा हात पेटीच्या कडेवर होता, बांगड्या लाकडाला लागून किणकिणत होत्या. तिनं मागे वळून पाहिलं.

“दिदी. तू बघ आधी.”

नंदकली पदर मुठीत धरून मागेच उभी होती.

“तू त्याला आंघोळी घातल्यास. तुला जास्त माहीत आहे. आणि जे असेल तेच सांग.”

नंदकली पुढे गेली आणि वाकली. तिला औषधाचा उग्र वास आला. तिनं डोळे मिटले नाहीत.

“रंग काळवंडलाय,” ती म्हणाली. आवाज फुटत होता, तिनं तो फुटू दिला. “गाल आत गेलेत. डावा डोळा नीट मिटलेला नाही, थोडा उघडा आहे. ओठ कापलाय एका बाजूला, दाढी कुणीतरी नीट नाही केली. केस छोटे कापलेत.” तिनं हात आत घालून कानामागे फिरवला, जिथं लहानपणी टोपलीतून पडून खोक पडली होती. “आपलाच आहे. कान्छाच आहे, बिमकला.”

मग ती बाजूला झाली. बिमकला वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. तो अर्धा उघडा डोळा तिनं बोटांनी हलकेच मिटवला.

गावापर्यंत पेटी पोहोचवणारा सरकारी ट्रक फाटकाबाहेर उभा होता. चार जणांनी पेटी मागे चढवली, दोरानं बांधली. ड्रायव्हरनं विचारलं, पुढे कोण बसणार, एकीचीच नीट जागा आहे.

“दोघी बसू,” बिमकला म्हणाली. वर चढून ती खिडकीकडे सरकली आणि नंदकलीला हात दिला. “चल, दिदी. उजेड आहे तोवर घाट उतरू.”